अंधाराच्या आधी लागणारा दिवा

१

आमचं काम असं आहे की सगळं सुरळीत चाललेलं असताना ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. इमारतीतली वीज गेली की जिन्यात, बोळात, दारांवर जे छोटे दिवे आपोआप लागतात, ते आम्ही बसवतो. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक बॅटरी असते. वीज असेपर्यंत ती गुपचूप भरत राहते आणि दिवा विझलेला असतो. कडेला फक्त एक हिरवा ठिपका जळत असतो. मला वीज मिळतेय, माझी काळजी नको, असं सांगणारा. वीज गेली की हिरवा ठिपका विझतो आणि दिवा लागतो. एक तर ठिपका, नाही तर दिवा. दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं कळायला पुरे.

आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे. माझ्या वडिलांना मी बाबा म्हणायचे, त्यामुळे यांना पहिल्या दिवसापासून मामंजीच म्हणते. धंदा त्यांचा. नवऱ्याला लहानपणी एकदा शॉक बसला आणि तेव्हापासून तो घरातला दिवासुद्धा बदलत नाही. तो बस चालवतो आणि त्यात सुखी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी माझ्या हातात पहिल्यांदा मिक्सर दिला होता, दुरुस्त करायला. तो मी केला. त्यानंतर ते येईल त्याला सांगत सुटले, की आमच्या घरात वायर मुलाला चुकवून सुनेच्या हातून पुढे गेली.

त्यांचं सगळं आयुष्य जनरेटरच्या खोल्यांत गेलं आणि तिथेच त्यांचे कान गेले. पण हे त्यांना मान्य नव्हतं. टीव्ही इतका मोठा लावायचे की शेजारच्यांना स्वतःचा लावायची गरज उरली नव्हती. कान तपासून घ्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. ऐकायचं तेवढं ऐकू येतं, बाकीचं ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय?

आणि अशात आम्हाला काम मिळालं ते कानांच्या दवाखान्याचं. फोन ठेवल्यावर मी हसले. मामंजींनी तेही ऐकलं नाही.

२

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. पुढे बसायची खोली आणि काउंटर, मागे एक लांब बोळ. बोळाला एकही खिडकी नाही. भर दुपारी ट्यूबलाइट बंद केल्या तर स्वतःचा हात दिसू नये असा. बोळाच्या टोकाला चाचणीची खोली होती. तिला तिथे सगळे शांत खोली म्हणायचे.

खरं तर ती खोलीच्या आत ठेवलेली दुसरी खोली होती. वीतभर जाड भिंती, शीतगृहाला असतं तसं जड दार, दाराला लांब दांड्याची मूठ आणि चौफेर रबर. दारात दुहेरी काचेची एक लहान चौकट, आतला माणूस बाहेरून दिसावा म्हणून. आत एक खुर्ची, एक फळी, हेडफोन, आणि जाळीमागे हवेसाठी एक छोटा पंखा. बाकी सगळीकडे करडा स्पंज.

मापं घ्यायला मी आत गेले आणि दार आपल्या वजनानं हळूच मागे येऊन लागलं. त्यासरशी रस्ता, फोन, बाहेरच्या बाकावर खोकणारा पेशंट, सगळं चाकूनं कापल्यासारखं थांबलं. मी आवंढा गिळला तर त्याचा आवाज झाला. मग कानात कसलीशी बारीक शीळ सुरू झाली आणि तिच्याखाली एक ठोका. तो माझाच होता हे कळायला एक क्षण लागला. मूठ ढकलून बाहेर आले तेव्हा बोळातली ट्यूबलाइट गुणगुणत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती गुणगुण बरी वाटली.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. समोरच्याकडे तोंड करून, शब्द मोकळे सोडत बोलायची त्यांना सवय होती. मामंजींना त्यांचं अक्षर न् अक्षर कळलं. त्यामुळे बाईंनी ओळखायचं ते ओळखलंच. तुमची तपासणी करून टाकू या का, आजोबा, असं त्यांनी सहज विचारलं. त्याबरोबर मामंजींना तळघरातलं मेन स्विचचं पॅनेल बघायचं आठवलं आणि ते जिना उतरून गेलेसुद्धा.

३

दिवे बसवून झाले, बॅटऱ्या भरल्या आणि एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पहिली चाचणी घेतली. ती साधी असते. मामंजी तळघरात जाऊन मेन स्विच खाली ओढणार, मी वर उभी राहून सगळे दिवे लागतात का ते बघणार. बोलायला वॉकीटॉकी. मामंजी ती कानाला लावत नाहीत, कानात खुपसतात.

मी बोळाच्या टोकाला, शांत खोलीसमोर उभी होते. बंद करा, म्हणून सांगितलं. खालून खरखर आली आणि मग, काय म्हणालीस? मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि माझी नजर वर गेली.

शांत खोलीच्या दारावरचा दिवा लागलेला होता.

बोळातल्या ट्यूबलाइट चालू होत्या. जिन्यातला दिवा विझलेला, काउंटरवरचा विझलेला, जसे असायला हवे तसे. फक्त हा एक जळत होता, आणि त्याच्या कडेला हिरवा ठिपकाही जळत होता. मी वॉकीटॉकीत म्हटलं, बंद करा. खाली खट्ट झालं, ट्यूबलाइट गेल्या, आणि मग बाकीचे दिवे ओळीनं लागले. तो नुसता जळत राहिला. सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरून बसलेल्या पाहुण्यासारखा.

वीज परत आल्यावर मी शिडी लावून तो उघडला. एखादा स्क्रू ढिला असला की दिव्याला मिळणारी वीज तुटते आणि तो फसतो, हे रोजचंच आहे. स्क्रू घट्ट होते. वायर नवी होती. दिवा खोटं बोलला तर ठिपक्यानं तरी खरं बोलावं, नाही तर उलट. दोघंही खरे कसे, ते मला कळेना. पण कामात असं होतं. मी दिव्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, पुन्हा एकदा बघू.

या वेळी मी ठरवलं की आपण काहीच बोलायचं नाही. वॉकीटॉकीचं बटण सोडून, हाताची घडी घालून उभी राहिले. थोड्या वेळानं दिवा लागला. हिरव्या ठिपक्यासकट. मी गप्पच राहिले. आता बघतेच, असं मनात म्हणत होते, तोच खट्ट झालं आणि बोळ अंधारात गेला.

मामंजी वर आल्यावर मी विचारलं, मी काही बोलले नाही तर तुम्ही स्विच ओढलात कसा?

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. "तू म्हणालीस की. बंद करा म्हणालीस. एवढं स्वच्छ मला गेल्या कित्येक वर्षांत कुणाचं ऐकू आलं नाही."

४

शहाण्या माणसानं करायचं ते सगळं मी केलं. तो दिवा काढून जिन्यात लावला आणि जिन्यातला इथे आणला. जिन्यात गेलेला दिवा आज्ञाधारक मुलासारखा वागू लागला. शांत खोलीच्या दारावर आलेला मात्र त्याच दिवशी बिघडला. म्हणजे दोष दिव्यात नव्हता. मग मी काउंटरच्या बाजूनं नवी वायर ओढून आणली. म्हणजे वायरीतही नव्हता. राहिली ती जागा. जागेला कुठे दोष असतो का, असं स्वतःला विचारलं आणि वायरीचे तुकडे गोळा करून पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात शिडीवर होते. बोळातून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि सांगितलं की तुमचा टोकाचा दिवा लागलाय, बिघडला का? मामंजी त्या वेळी माझ्याच शिडीला धरून उभे होते. तळघरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, बघते. पण उतरले नाही. काम करत राहिले. एक दिवा पुसून झाला, दुसरा झाला. मनाशी म्हणत होते, बघ, काही झालं नाही, उगाच.

मग बाहेर कुठेतरी फट्ट आवाज झाला आणि सगळ्या रस्त्याची वीज गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला होता.

त्या संध्याकाळी घरी भांडी घासताना मी मामंजींना सगळं सांगितलं. नळ बंद करून, त्यांच्याकडे तोंड करून, डॉक्टरीणबाईंसारखं मोकळं बोलून. मला वाटलं, चेष्टा करतील. ते हातातलं ताट तसंच धरून पुसत राहिले. कोरडं झाल्यावरही पुसत राहिले.

"खोटं सांगणारे दिवे मी पुष्कळ पाहिलेत, सूनबाई," ते म्हणाले. "लवकर सांगणारा नाही पाहिला. काढून टाक तो."

मी म्हटलं, कसा काढणार? बोळाला खिडकी नाही. वीज गेली आणि टोकाला एखादा पेशंट असला तर तो भिंती चाचपत बसेल. तिथे दिवा हवाच. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ताट मांडणीत ठेवून ते टीव्हीसमोर जाऊन बसले. पण त्या रात्री टीव्ही लावला नाही.

५

पुढच्या खेपेला मी एकटीनंच एक गोष्ट करून पाहिली. ट्यूबलाइट चालू असताना त्या दिव्याचा उजेड वेगळा कळत नव्हता. तो लागला असताना बोळातल्या ट्यूबलाइट बटणानं बंद करायच्या आणि नुसत्या त्याच्या उजेडात बोळ बघायचा, असं मी ठरवलं. का, ते सांगता येणार नाही. चाचणी करणाऱ्याच्या हाताला चाळा असतो, एवढंच.

मामंजी तळघरात पॅनेलवर नावांच्या पट्ट्या चिकटवत होते. दवाखान्याची जेवणाची सुट्टी होती. डॉक्टरीणबाई खाली गेल्या होत्या. मी वाट पाहत बसले. दिवा लागला तसं उठून बटण दाबलं. या खेपेला अंधार करणारी मीच होते.

बोळ तोच होता. बाक, कचऱ्याचा डबा, भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र. फक्त सगळं जुनाट आणि दमल्यासारखं दिसत होतं. उजेड दारावरून खाली पडत होता आणि काचेच्या चौकटीतून थोडा आत शिरत होता. मी जवळ जाऊन आत पाहिलं.

खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं.

पाठ दाराकडे होती. खांदे उतरलेले, मान पुढे झुकलेली, हनुवटी छातीवर. अंगात चौकटीचा शर्ट, कोपराशी उसवलेला, मग शिवलेला. शिवण मीच घातली होती. निळा दोरा संपला म्हणून काळ्या दोऱ्यानं.

मी मागे सरकले, भिंतीवर आपटले आणि वॉकीटॉकीचं बटण इतक्या जोरात दाबलं की नख दुखलं. मामंजी, म्हणून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. खरखर झाली आणि मग त्यांचा आवाज आला, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. पट्ट्यांचा कागद दातात धरलाय, जरा दम धर, असं ते सांगत होते. मी विचारलं, तुम्ही खालीच आहात ना? त्यावर ते म्हणाले की नाही, लग्नाच्या वरातीत आहे.

मी ट्यूबलाइट लावल्या आणि मूठ खाली ओढून दार उघडलं. खुर्ची रिकामी होती. फळीवर हेडफोन नीट ठेवलेले. पंखा भिरभिरत होता. सीटवर हात ठेवला, गार होती.

मग मी मनाची समजूत घालायला बसले. काच दुहेरी आहे. दुहेरी काचेत दोन प्रतिबिंबं पडतात. एकात मी, दुसऱ्यात मागचं चित्र. त्या चित्रातला कान म्हणजे झुकलेली मान झाली असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. पण काळ्या दोऱ्याचं काय, ते काही केल्या बसेना.

मामंजींना मी यातलं काही सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी तो चौकटीचा शर्ट घातलेलाही नव्हता.

६

काम ताब्यात द्यायचा दिवस उजाडला. शेवटची मोठी चाचणी म्हणजे वीज बंद करून दिवे पूर्ण तीन तास टिकतात का ते बघायचं. ती आदल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही उरकली होती आणि सगळे दिवे पास झाले होते. आता फक्त किल्ल्या आणि सूचना देऊन मोकळं व्हायचं होतं. मला वाटेत दुसऱ्या एका कामाच्या बॅटऱ्या उचलायच्या होत्या, म्हणून मामंजी पुढे गेले. निघताना मी पाठमोरी होते, त्यांच्या अंगात काय आहे ते पाहिलं नाही. हे मला बॅटऱ्यांच्या दुकानात आठवलं. बॅटऱ्या तिथेच टाकून मी निघाले.

दवाखान्यात नेहमीची वर्दळ होती. काउंटरपाशी एक बाई रडणाऱ्या तान्ह्याला घेऊन उभी होती आणि डॉक्टरीणबाई स्वतः तिची समजूत घालत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. आजोबा शेवटी तयार झाले, त्यांनी सांगितलं. आपणहून म्हणाले, सून वर्षभर ऐकवतेय, आज तिला गप्प करतो. अर्धी चाचणी झालीये, हे बाळ घाबरलं म्हणून जरा बाहेर आले, दोन मिनिटांत जातेच.

त्यांचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत मी बोळात शिरले होते.

टोकाचा दिवा जळत होता. हिरव्या ठिपक्यासकट. किती वेळापासून, कोण जाणे.

काचेतून आत पाहिलं. चौकटीचा शर्ट. उतरलेले खांदे, छातीवर हनुवटी, कानांवर हेडफोन. काळा दोरा. हाक मारली असती तरी वीतभर भिंतीपलीकडे कुणाला ऐकू जाणार? मी मूठ खाली ओढली. मूठ गेली, दार आलं नाही. पुन्हा ओढली. मूठ आता सैल, कशालाच न जोडलेली, नुसती हातात फिरत होती. मी काचेवर थापा मारू लागले. आतली मान हलली नाही.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. बाळ त्यांनी मध्येच कडेवर घेऊन पुन्हा आईच्या हातात कोंबलं असावं, त्यांच्या कोटावर दुधाचा डाग होता. मी कमरेच्या पट्ट्यातला मोठा स्क्रूड्रायव्हर रबराच्या फटीत घातला. त्यांनी मूठ धरली, दोघींनी भिंतीला पाय लावले आणि अंगातलं सगळं बळ काढून ओढलं. रबर चिकटपट्टीसारखं चर्र करत सुटलं. आतून कोंदट गरम हवेचा लोट तोंडावर आला. पंखा बंद पडलेला होता.

मी हेडफोन उपटून फेकले आणि त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळ ओलं. एक क्षण गेला. तो एक क्षण मला अजून पुरतोय. मग त्यांनी डोळे किलकिले केले आणि जड जिभेनं म्हणाले की आवाज ऐकला की बटण दाबायचं, असं सांगितलं होतं, पण मघापासून आवाजच येत नाही.

त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही बोळातल्या बाकावर आणून बसवलं. डॉक्टरीणबाईंनी शर्टाची बटणं मोकळी केली, नाडी धरली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ठीक आहे. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला, आणि पडल्याचा आवाज मला खरंच आला.

तो आवाज वीज गेल्याचा होता.

७

ट्यूबलाइट गेल्या. जिन्यातला दिवा लागला, काउंटरवरचा लागला, बोळातले लागले. पुढच्या खोलीत तान्हं बाळ पुन्हा रडायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मी पुढे बघून येते, यांना हलू देऊ नका, आणि त्या गेल्या.

शांत खोलीचं दार आम्ही सताड उघडं टाकलं होतं. ते आता आपल्या वजनानं हळूहळू मागे येत होतं. फटीतून आत दारावरच्या दिव्याचा उजेड पडत होता. मला तिकडे बघायचं नव्हतं. मी मामंजींच्या मनगटाकडे बघत होते, त्यांच्या बोटांवरच्या जुन्या भाजल्याच्या डागांकडे. त्यांची हालचाल झाली म्हणून मान वर केली, आणि त्यांच्या खांद्यावरून मला खुर्ची दिसली.

खुर्ची रिकामी नव्हती.

उतरलेले खांदे. चौकटी. मामंजी माझ्या हातात होते, त्यांचं मनगट गरम होतं, नाडी माझ्या अंगठ्याखाली उडत होती. आणि आत खुर्चीतही तेच बसले होते, मान टाकून, ज्यांना कुणी बाहेर काढलंच नव्हतं असे.

"माझा चष्मा आत राहिला," मामंजी म्हणाले आणि उठले.

हेडफोनसाठी चष्मा काढून फळीवर ठेवला असणार. चष्म्याशिवाय त्यांना दारापलीकडचं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, जाऊ नका. त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, पण त्या उजेडात त्यांना माझे ओठ दिसेनात आणि आवाज तर माझाच मला ऐकू आला नाही. ते दोन पावलं गेलेसुद्धा. दार अर्ध्यावर आलं होतं. आत, खुर्चीत, झुकलेली मान अगदी सावकाश वर यायला लागली. हाक ऐकून माणूस मान उचलतो तशी.

मी त्यांच्या कमरेला मागून मिठी मारली.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या पाया पडले होते, हातात हात घेऊन शिडी चढले होते, पण मिठी कधी मारली नव्हती. आमच्यात तशी रीतच नाही. ते जागच्या जागी थबकले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माझे हात त्यांच्या पोटावर घट्ट गुंफलेले होते. त्या हातांवर त्यांनी आपला हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे चष्मा."

दार लागलं. रबर रबराला टेकलं, एवढाच आवाज. काचेत आतून काहीतरी उजेडाच्या आड आलं. मी डोळे मिटले आणि गाल त्यांच्या पाठीला टेकवला. शर्ट घामानं भिजला होता. त्याखाली त्यांचा श्वास चालू होता, मोठा, घरघरता, म्हाताऱ्या माणसाचा श्वास. त्या बोळात मला तेवढाच एक आवाज पुरेसा होता.

वीज आली तेव्हा मी डोळे लगेच उघडले नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या चपला वाजल्या. मग त्याच स्क्रूड्रायव्हरनं दाराची फट उचकटल्याचा चर्र आवाज. मग त्या म्हणाल्या की हा घ्या, आजोबा, तुमचा चष्मा.

मी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. दारावरचा दिवा विझलेला होता आणि कडेला हिरवा ठिपका शहाण्यासारखा जळत होता.

८

दार दुरुस्त करणारा कारागीर दुसऱ्या दिवशी आला. मुठीच्या आतली सळई मोडली होती. आतल्या माणसाला ते दार कधीच उघडता आलं नसतं, असं त्यानं सांगितलं, आणि वीज गेल्यावर बाहेरच्यांनाही दिव्याच्या तेवढ्याशा उजेडात एवढी फट सापडली नसती. त्यात पंखा जळालेला. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता खाली बसल्या. त्यांनी ती मूठच बदलून टाकली. आता दार नुसत्या ढकलण्यानं आतून उघडतं, आणि पंखा बंद पडला तर बाहेर घंटा वाजते. घंटा मीच बसवली.

तो दिवा अजून तिथेच आहे. दर महिन्याला मी तपासणीला जाते. मामंजी तळघरात, मी वर. बंद करा म्हणते, खट्ट होतं, आणि मग तो लागतो. आधी नाही, नंतर नाही, सगळ्यांच्या बरोबर. प्रत्येक वेळी मला इतकं हायसं वाटतं की मी त्याला मनातल्या मनात शाबास म्हणते. त्या वेळी तो नक्की काय करत होता, आम्हाला बोलवत होता की सावध करत होता, याचा मी विचार करत नाही. काचेतून आत मात्र अजून बघत नाही. त्याची गरज पडत नाही.

त्या दिवशी बोळात मी का धरलं, हे मामंजींनी कधी विचारलं नाही. चौकटीचा शर्ट त्यांनी स्वतःहून काढून शिडी पुसायच्या फडक्यांत टाकला, तेव्हा मीही काही विचारलं नाही.

कानांची चाचणी राहिली होती, ती डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दवाखान्यात करून दिली, दार उघडं ठेवून, मला शेजारी बसवून. दोन्ही कानांना यंत्रं मिळाली, शेंगदाण्याएवढी. घरी आल्यावर मामंजींनी टीव्ही लावला आणि दचकून आवाज कमी केला. मग नळ ऐकला, नातीची, म्हणजे माझ्या लेकीची, कुजबुज ऐकली, बापाच्या घोरण्याबद्दलची. संध्याकाळी मी ओट्याशी जिन्यातल्या एका दिव्याची बॅटरी उघडून बसले होते आणि ते दाराला टेकून कितीतरी वेळ नुसते उभे होते. काही हवंय का, म्हणून मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "काम करताना तू गुणगुणतेस. एवढी वर्षं शेजारी काम करतोय, मला माहीतच नव्हतं."

मलाही माहीत नव्हतं. मी ओशाळून गप्प झाले.

"थांबू नकोस," मामंजी म्हणाले, आणि खुर्ची ओढून जवळ बसले.